लहान मुलांचे सुजलेले सांधे आणि रक्तस्रावाचे विकार



मूल रांगू लागते, धरून उभे राहू लागते, आणि एके सकाळी त्याचा गुडघा सुजलेला दिसतो. पडल्याचे कोणास आठवत नाही. सांधा हातास ऊन लागतो, मूल पाय सरळ करू देत नाही. ताप मात्र बहुधा नसतो. घरची वडील माणसे शेक देतात, तेल लावून चोळतात, हाडवैद्याकडे नेतात. आठ-पंधरा दिवसांत सूज ओसरते व सर्वांस हायसे वाटते. पुढे तोच गुडघा, किंवा घोटा, किंवा कोपर पुन्हा सुजतो. सांध्याच्या आत रक्त साठत असावे, ही शंका अशा वेळी कोणाच्या तरी मनात येणे अगत्याचे आहे. वारंवार साठणाऱ्या रक्ताने सांध्याचे अस्तर फुगते, कूर्चा झिजते आणि शाळेच्या वयातच पाय आखडतो. शेकाने व चोळण्याने हा रक्तस्राव वाढतो.

या विकारांत प्रमुख हिमोफिलिया होय. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी आठवा घटक कमी असल्यास ‘अ’ प्रकार, नववा कमी असल्यास ‘ब’ प्रकार. ‘अ’ प्रकार जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकास असतो. राणी व्हिक्टोरियाचा पुत्र लिओपोल्ड हिमोफिलियाचा रुग्ण होता. १८८४ साली पडण्याचे निमित्त होऊन तो दगावला. तेव्हापासून हा ‘राजघराण्यांचा रोग’ म्हणून प्रसिद्धी पावला. नाव फसवे आहे. झोपडीतही तो तितकाच जन्मतो. तेथे तो ओळखला जात नाही, इतकेच.

सांधा सुजण्यापूर्वीही खुणा दिसलेल्या असतात. अंगावर गाठीसारखे काळेनिळे डाग, लस टोचलेल्या जागी मोठी सूज, दात येताना किंवा ओठ फाटल्यावर दिवसभर झिरपणारे रक्त, सुंतेनंतर न थांबणारा स्राव. या मुलांचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, अधिक वेळ वाहते.

चूक होते ती बहुधा संधिवाताच्या तापाशी गल्लत होऊन. मग ॲस्पिरिन दिले जाते आणि स्नायूत पेनिसिलिनची इंजेक्शने टोचली जातात. रक्तस्रावी मुलास ही दोन्ही घातक ठरतात. कधी अंगावरील डाग पाहून आईबापांनी मारले असाही संशय घेतला जातो.

आजोळी चौकशी करावी. मामा किंवा आजीचा भाऊ लहानपणी रक्त जाऊन वारला होता काय, मावशीचा मुलगा लंगडतो काय? दोष मातेकडून मुलग्यास येतो. पण म्हणून सुनेस बोल लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या कुळात पूर्वी कोणासही हा रोग नसतो. मुलींनाही रक्तस्रावाचे विकार होतात, हेही विसरू नये.

नेहमीच्या रक्ततपासणीत प्लेटलेटची संख्या व्यवस्थित येते व सारेच निश्चिंत होतात. तेवढ्यावर थांबू नये. ‘एपीटीटी’ ही गोठण्याची चाचणी लांबलेली आढळल्यास आठव्या व नवव्या घटकाचे मोजमाप करून घ्यावे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ही या क्षेत्रातील जुनी शासकीय संस्था आहे.

सांधा सुजताच मुलास स्वस्थ झोपवावे, पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा आणि घटकाचे इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे. सांध्यात सुई घालून रक्त काढण्याची घाई नको. डोक्यास मार लागल्यास रक्त दिसो वा न दिसो, वाट पाहत बसू नये. लसीकरण मात्र थांबवू नये; बारीक सुई वापरावी व नंतर निदान पाच मिनिटे जागा दाबून धरावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झालेला आहे. प्रमाणपत्रासाठी पालक ग्रामपंचायतीत आले, तर मूल धडधाकट दिसते म्हणून त्यांना परत पाठवू नये. शिक्षकांनीही, महिन्यातून चार दिवस गैरहजर राहून लंगडत येणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी करण्यापूर्वी, त्याचा गुडघा एकदा पाहावा.