पिल्लं देण्याआधी



धाराशिवला समुद्र नाही. पण आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घालून मी क्लाउनफिश वाढवतो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातल्या हॅचरीबद्दल वाचलं आणि निवृत्तीनंतर हा नाद लागला.

पहिली दोन पिल्लं शेजारच्या नातवाला घाईने दिली. दोन्ही टाक्यांचा खारटपणा जुळला नाही. सकाळी दोन्ही मेलेली. पोरगं दिवसभर जेवलं नाही. चूक माझीच.

आता पिल्लू इंचभर होऊन कोरडं खाद्य खाऊ लागल्याशिवाय देत नाही. बँकेत कर्जाआधी घर पाहायचो, तशी आधी टाकी पाहतो, खारटपणा मोजतो. मग तासभर थेंबथेंब नवं पाणी मिसळून पिल्लू सोडायचं.

त्याच नातवाकडे आज जोडी आहे. येऊन बघा.