फूल पाहावं ते दांड्यासकट



उंच दाढीवाल्या आयरिसचं छायाचित्र कुणालाही भुरळ घालतं. वर उभ्या तीन पाकळ्या, खाली झुकलेल्या तीन आणि त्यांच्यावर मऊ केसांची दाढी. पण एक फूल दोन-तीन दिवसच टिकतं. बागेला बहर देतो तो फुलदांडा, म्हणून आज त्याच्याविषयी बोलतो.

हा दांडा ७० सेंटिमीटरहून उंच असतो. त्याच्या टोकाला हिरव्या आवरणात दोन-तीन कळ्या असतात आणि खालच्या प्रत्येक फांदीच्या टोकालाही तसाच झुबका. आधी शेंड्याची कळी उमलते, मग फांद्यांवरच्या. एका झुबक्यातली दुसरी कळी पहिलीच्या मागून येते. शेंडा आणि तीन फांद्या, प्रत्येकी दोन कळ्या, म्हणजे आठ फुलं. चार-पाच कळ्यांचा दांडा आठवड्याभरात आटोपतो. नऊ-दहा कळ्या असल्या की बहर कितीतरी लांबतो.

मात्र नुसत्या कळ्या मोजून भागत नाही. फांद्या शेंड्याजवळच दाटल्या तर फुलं एकमेकांत अडकून चुरगळतात आणि खालचा दांडा बोडका दिसतो. फांदी दांड्याला चिकटून असली तर फुलाला पाकळ्या पसरायला जागा उरत नाही. दांडा बारीक असला तर वाऱ्यापावसात आडवा होतो. फांद्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना हव्यात, त्यांच्यात अंतर हवं आणि टोकं किंचित बाहेर वळलेली हवीत.

ही मागणी वाढली ती फुलं मोठी झाल्यावर. जुन्या युरोपीय जातींमध्ये २४ गुणसूत्रं होती. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशिया मायनरमधून ४८ गुणसूत्रांची, मोठ्या फुलांची झाडं मिळवली. काश्मीरमध्ये कबरींवर लावल्या जाणाऱ्या पांढऱ्या आयरिसचाही त्यांनी संकरासाठी उपयोग केला. पुढे १९१७ मध्ये संकरक ब्लिस यांचं 'डोमिनियन' हे वाण आलं आणि मोठ्या, भरदार फुलांची ओढ वाढली. फूल जितकं रुंद, तितकं फांद्यांमधलं अंतर अधिक लागतं, हे विसरून चालत नाही.

लावणाऱ्यांसाठी एक सूचना. आयरिसच्या, आल्यासारख्या आडव्या वाढणाऱ्या कंदाचा एक भाग एकदाच फुलतो. पुढचा बहर बाजूच्या नव्या फुटव्यांवर येतो. फुटवे पोसले गेले तर कळ्या वाढतात. म्हणून लावल्यानंतरच्या पहिल्याच बहरावरून वाणाची पारख करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोजा.

बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं जातात. इतकं थांबून अप्रतिम रंग हाती आला, पण दांडा मात्र तीनच कळ्यांचा निघाला, तर ते रोप बाजारात न आणणारा संकरक मला मोठा वाटतो. पुढे बागेत ते झाड लावणाऱ्याचा तो आधीच विचार करतो.