बंद खाणींचे पाणी

आपल्या वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण सीमेला स्पर्श करीत जाणारी पैनगंगा येथे काळ्या पाषाणाच्या मुलुखातून वाहते, आणि या पाषाणात कोळसा नसल्यामुळे खाणींचा प्रश्न आपणांस परक्याचा वाटतो. परंतु हीच नदी पुढे पूर्वेकडे वणीच्या कोळसापट्ट्यानजीक जाऊन वढा येथे वर्धेला मिळते. त्या खोऱ्यातील खाणकाम कालपरवाचे नव्हे. वरोऱ्याची सरकारी खाण तर १९०६ सालीच बंद झाली.

दफ्तरी खाण बंद झाली, म्हणून तिचे पाणी बंद होत नाही. कोळशात व त्यालगतच्या खडकात लोह आणि गंधक यांचे सोनेरी लोहमाक्षिक असते. खोदकामाने ते उघडे पडले की हवा व ओल यांच्या संसर्गाने त्यातून गंधकाम्ल व लोहाचे क्षार निर्माण होतात, सूक्ष्म जंतू या क्रियेस वेग देतात, आणि उपसा थांबल्यावर भूगर्भातील पाणी रिकाम्या बोगद्यांत चढू लागते, तेव्हा वर्षानुवर्षे साचलेले हे क्षार विरघळवूनच ते बाहेर पडते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात मालक केव्हाच निघून गेलेल्या खाणी आजही हजारो मैलांचे ओढे नासवीत आहेत.

पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यात चुनखडीचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना या नदीच्याच नावाने ओळखतात. चुनखडी आम्लाची धार बोथट करते, हा निसर्गाचा मोठाच उपकार. तथापि आम्ल शमले की लोह अधिक त्वरेने तळाशी बसते, आणि वरचे पाणी नितळ दिसल्याने पाहणारा फसतो. असे पाणी जेथे ओढ्यास मिळते तेथील एखादा दगड उचलून पाहावा: त्यावर गेरूच्या रंगाचा बुळबुळीत लेप असतो, खाचाखोचा बुजलेल्या असतात, शेवाळाला प्रकाश मिळत नाही, चतुराच्या अळ्यांना आसरा उरत नाही आणि वाळूतील माशांची अंडी प्राणवायूवाचून गुदमरतात. मासळी हटली की खंड्याही तो काठ सोडतो.

२००९ पासून केंद्रीय कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याची योजना व तिच्यासाठी राखीव निधी आवश्यक ठरविला, हे योग्यच झाले. माझी मागणी इतकीच, की प्रवाह क्षीण असतो त्या वैशाखात बंद खाणींच्या तोंडाशी पाण्याचा नमुना घ्यावा, आणि दगडाखालच्या अळ्यांची नोंदही त्याच अहवालात, त्याच सहीशिक्क्यानिशी व्हावी.