काल्पनिक फुटबॉल-संघ व त्यांचे गणवेष

गतकालातील एखादी फुटबॉल-स्पर्धा कल्पनेने रचणे, हा मुलांस इतिहास शिकविण्याचा एक रम्य मार्ग होय. साल १९११ घ्या. त्या वर्षी मोहन बागानने गोऱ्या पलटणीस हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. तेव्हा आपल्या गणवेषातही बूट नकोत.

संघ आमच्या सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गावांचे घेऊ. रंग जुन्या रंगाऱ्यांचे : नवापुरास निळीचा निळा, नंदुरबारास आल नावाच्या झाडाच्या मुळांचा तांबडा, अमळनेरास हिरडा व लोखंड यांपासून होणारा काळा. चिंचपाड्यास पळसफुलांचा पिवळा शोभेल. तो उन्हात विटतो खरा, परंतु पळस आमच्या रानात मुबलक असल्याने सदरे पुन्हा रंगविता येतील.

मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट-सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ धर्मावरून पाडीत. १९४५–४६ नंतर ते सामने बंद झाले. गावाच्या संघात मात्र भिल्ल, मावची, गुजर, मुसलमान एकाच रंगाचा सदरा घालतील. म्हणून मुले ही स्पर्धा रचावयास बसतील, तेव्हा रंगांच्या आधी संघात कोण कोण येणार, हे त्यांस ठरवू द्यावे.