वस्तीतील संवाद आणि शाखेचे काम

(शाखा-चिटणिसांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

संप, मोर्चा आणि निवडणूक यांच्या तयारीविषयी आपल्या शाखांत पुष्कळ चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु दोन लढ्यांच्या मधल्या काळात शाखा वस्तीत काय करते, हा विषय बहुधा बैठकीच्या शेवटी येतो आणि वेळेअभावी पुढे ढकलला जातो. जमातवादी शक्ती मात्र नेमक्या याच काळात आपले काम करीत असतात. म्हणून आज मी त्याच विषयावर बोलणार आहे.

भिवंडीचा अनुभव

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातील पद्मशाली, कोकणी मुसलमान, मराठी श्रमिक अशा अनेकांचे श्रम तेथे एकत्र येतात. उर्दू, मराठी, तेलुगू आणि हिंदी या चारही भाषा तेथे कानी पडतात. तथापि, केवळ एका कारखान्यात राबल्याने माणसे एकमेकांना ओळखू लागतात असे नाही. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीचे निमित्त होऊन हे शहर पेटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तरीही 1984 साली तेथे पुन्हा भीषण दंगल झाली.

1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दंगल उसळल्यावर प्रतिष्ठितांना गोळा करणारी शांतता समिती आपल्या परिचयाची आहे. या समित्या तशा नव्हत्या. त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी होते, आणि तणाव नसतानाही त्यांच्या बैठका होत असत. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत त्या महिन्यात व जानेवारी 1993 मध्ये झालेल्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, 900 माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईपासून जवळच असलेली भिवंडी त्या दिवसांत शांत राहिली.

या अनुभवाचे मोल मान्य करतानाच त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. अधिकाऱ्याच्या पुढाकाराने उभे राहिलेले काम त्याच्या बदलीनंतर टिकेलच, याची शाश्वती नसते. शिवाय शांततेची समिती बारा तासांच्या पाळीचा प्रश्न सोडवू शकत नाही. ते काम युनियनचेच आहे. परंतु परस्परांविषयी अविश्वास बाळगणारे कामगार युनियन तरी कशी टिकवणार?

आपलाच वारसा

हे काम आपणांस नवे नाही. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. मातंग समाजातून आलेला एक, बार्शीच्या गरीब मुसलमान कुटुंबातला एक, असे हे शाहीर एकाच व्यासपीठावर उभे राहून गात, हीच श्रोत्यांसाठी एक शिकवण होती. गिरणगावातील चाळी, खानावळी आणि व्यायामशाळा या त्या काळच्या संवादाच्या जागा होत्या. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या महान संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. रोजगाराबरोबर एकत्र बसण्याच्या या जागाही ओसरत गेल्या. मोकळ्या झालेल्या जागा रिकाम्या राहात नाहीत. आपण तेथे नसलो की दुसरे कोणी येते.

शाखेने काय करावे?

पहिली गोष्ट, महिन्यातील एक दिवस ठरवून वस्तीची बैठक घ्यावी आणि ती चुकवू नये. जागा अशी असावी की तेथे येताना कोणालाही परके वाटणार नाही. शाळेचा व्हरांडा चालेल, पण देवळाचा सभामंडप किंवा मशिदीचे आवार टाळावे.

दुसरी गोष्ट, विषय पाणी, रेशन, गटारे आणि भाडे यांपासून सुरू व्हावेत. आपण आधी ऐकावे. मागील बैठकीतील तक्रारीचे पुढे काय झाले, हे प्रत्येक वेळी सांगावे. काही झाले नसेल तर तेही सांगावे.

तिसरी गोष्ट, कोण आले नाही याची नोंद ठेवावी. रात्रपाळीचा कामगार, घरकाम करणारी स्त्री आणि दलित वस्तीतील रहिवासी ठरावीक वेळी येऊ शकत नसतील, तर वेळ व जागा बदलावी. सुरतेत खानदेशातून गेलेल्या मराठी कामगारांमध्ये आपले सभासद काम करतात. त्याच शहरात गंजामहून आलेला ओडिया विणकर राहतो. त्याला समजेल असा दुभाषी बैठकीत नसेल, तर ती बैठक कामगारांची नसून केवळ मराठी भाषकांची ठरते.

चौथी गोष्ट, 8 मार्च, 14 एप्रिल आणि 1 मे हे दिवस संपूर्ण वस्तीचे व्हावेत. ईद-दिवाळीस पुढाऱ्यांनी हार घालून घेणे म्हणजे ऐक्य नव्हे. वर्गणी, स्वयंपाक, मंडप आणि गाणी यांत सर्वांचे हात लागले पाहिजेत.

पाचवी आणि तातडीची गोष्ट म्हणजे अफवा. आज ती मोबाईलवरून काही क्षणांत पसरते. प्रत्येक गल्लीत दोन्ही समाजांतील दोन-दोन माणसे आधीच ठरलेली असावीत. त्यांनी एकमेकांना विचारून खरे-खोटे तत्काळ लोकांना सांगावे. हा विश्वास दंगलीच्या रात्री निर्माण करता येत नाही.

कॉम्रेड्स, पुढील सहा महिन्यांत प्रत्येक शाखेने किमान एका वस्तीत हे काम नियमित करावे आणि त्याचा अहवाल द्यावा. अहवालात उपस्थितीचा आकडा तर असावाच. पण पहिल्यांदा कोण आले आणि पहिल्यांदा कोण बोलले, हेही त्यात लिहावे. श्रमजीवी जनतेचे ऐक्य ठरावात मंजूर करणे सोपे आहे. ते गल्लीत उभारणे हे आपले काम आहे.