चौकटीत न मावणारा जॅक कर्बी


आज ऐकूया जॅक कर्बीविषयी.

हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला कॉमिक्स चित्रकार.
१९४० साली सहकारी जो सायमनसोबत त्यानं कॅप्टन अमेरिका हा कॉमिक्सचा नायक घडवला.
पहिल्याच मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावतो!
अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती.
पुढे कर्बी स्वतः फ्रान्समध्ये लढला.

आता त्याची शैली.
त्याचा नायक चौकटीत मावत नाही.
मूठ अंगावर येते, भलीमोठी.
खांदा मागे, बारीक होत गेलेला.
आणि ऊर्जा दाखवायला?
नुसते काळ्या ठिपक्यांचे पुंजके!
तेवढ्यानं पान धगधगतं.

पुन्हा सांगते, कर्बीचा नायक चौकटीत मावत नाही.

साठच्या दशकात लेखक स्टॅन लीबरोबर फँटास्टिक फोर आला, हल्क आला.
श्रेयावरून मात्र वाद झाले.
मला विचाराल, तर माझं मत कर्बीच्या बाजूनं.
स्वतःची मूळ चित्रं परत मिळवायलाही त्याला मार्व्हल या प्रकाशनसंस्थेशी झगडावं लागलं.