नव्या घराचा वास



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते गुरुजी कोणतीही गोष्ट ‘का?’ असे विचारल्याशिवाय स्वीकारू नका, असे सांगत. तो प्रश्न आज मी घरातील कपाटाला विचारणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही कंग्राळीत घर बांधले. हौसेने कपाटे, पलंग करून घेतले. ऐन पावसाळा, दारे-खिडक्या बंद. नव्या सामानाच्या वासाचे आम्हांस कौतुक, पण त्या खोलीत नातीचे डोळे चुरचुरत, खोकला येई. दुकानदार म्हणाला, “नव्याचा वास, जाईल.”

पुढे मी वाचन केले. प्लायवुड व भुशाच्या दाबीव फळ्या बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त गोंदाने जोडतात. हा वायू फळीतून महिनोन्‌महिने सुटत राहतो. उष्मा व दमटपणा वाढला की अधिकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली. ज्याचे कौतुक केले, तो वास म्हणजे इशाराच होता.

आमच्या आजीच्या घरी सागवानी पेटी, कापसाची गादी, वाकळ आणि घोंगडी होती. त्यांना असला वास नव्हता. मात्र जुने ते सारे निर्दोष, असेही नव्हे. जुन्या तैलरंगांत शिसे असे, आणि ते मुलांच्या मेंदूस घातक. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये.

सागवान सर्वांस परवडत नाही, हे मी जाणतो. पण प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत. फळी ‘ई-१’ वा ‘ई-०’ प्रतीची आहे काय, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी सामानास मोकळी हवा मिळेल. आणि ज्याच्या नाकातोंडात तो भुसा रोज जातो, त्या सुतारबंधूस तोंडाला फडके नव्हे, चांगला मास्क द्या.

नातीची खोली आम्ही रिकामी केली. तिथे आता कापसाची गादी आहे, आणि खिडकी उघडी असते. गुरुजींचा ‘का?’ मला तीस वर्षे उशिरा आठवला. तुम्हांस तो वेळेवर आठवो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.